बोर्डीत लेकुरवाळी शोधताना

प्रवासाला निघताना खोटं बोलू नये, असं माझी सासू म्हणायची. मी तर बरोबर येणाऱ्या माणसालाच खोटं सांगून निघाले होते. त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची मला सोय नाही.

मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. ठाण्याला असते, चौतीस पूर्ण झाली. लग्नाला सात वर्षं झाली आणि पहिल्याच दिवाळसणाला तिने आणि आमच्या जावयाने, निखिलने, जेवणाच्या ताटावर जाहीर करून टाकलं की आम्हाला मूल नको. अडचण काही नाही, दुखणं काही नाही. नको म्हणजे नको. मी रुसून पाहिलं, रडून पाहिलं, जावयाला एकटं गाठून पाहिलं. तो म्हणतो, ‘तिच्याशी बोला.’ ती म्हणते, ‘आमचं ठरलंय.’ अशी सात वर्षं गेली.

शेवटी मी बोर्डीच्या सुनंदाला फोन केला. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. ती लग्न होऊन बोर्डीला चिकूच्या बागेत गेली, मी मिरजेला. ती म्हणाली, ‘संक्रांतीच्या दिवसांत घेऊन ये तिला. माझ्याकडे हळदीकुंकू असतंच. पाच सवाष्णींत एक लेकुरवाळी बघते आणि तिच्या हातून मुक्ताची फळाची ओटी भरते. तिला कळणारही नाही. माझ्या नणंदेला याचाच गुण आला होता.’ मी चार वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. एरवी असलं कुणी सांगितलं असतं तर मी त्याची बिनपाण्याने केली असती. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा.

मुक्ताला म्हटलं, चल, चार दिवस दोघीच समुद्रावर जाऊ, चिकूचे दिवस आहेत. ती शंभर कारणं सांगेल अशी माझी खात्री होती. तिने त्याच दिवशी रजा टाकली. देवीच पावली, असं मी मनात म्हटलं.

डहाणू रोड

स्टेशनबाहेर पडलं की पाट्या मराठीत आणि गुजरातीत, आणि बोलणं दोन्हींच्या मधलं कुठलंतरी. वालपापडी, कंद आणि चिकू घेऊन बायका रांगेने बसलेल्या. एकीने मला ‘घे ना गं’ म्हटलं तेव्हा मी जरा चपापलेच. आमच्याकडे साठीच्या बाईला बाजारात कुणी ‘घे गं’ म्हणत नाही. इथे आतल्या पाड्यांवरची माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टरलासुद्धा, हे नंतर सुनंदाने सांगितलं.

बोर्डीपर्यंत रिक्षा केली. रस्ता सुंदर आहे, नाही म्हणायचं कारण नाही. एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे भुरा समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या बागा, इतक्या गर्द की दुपारीही आत संध्याकाळ वाटावी. रिक्षावाला बोलका होता. शनिवार-रविवार मुंबईची माणसं फार येतात म्हणाला.

‘पोरंबाळं घेऊन येत असतील,’ मी म्हटलं. मुक्ताला ऐकू जावं म्हणूनच म्हटलं.

‘पहिले यायची. आता कुत्रे घेऊन येतात, मावशी. रिसॉर्टवाल्यांनी बोर्ड लावलेत, कुत्रा चालेल म्हणून. माझ्या रिक्षात परवा एक बसला होता, स्वेटर घालून.’

मुक्ता खळखळून हसली. मला काही हसू आलं नाही.

बोर्डी

सुनंदाचं घर बागेतच आहे. ओसरीवर चिकूंचे क्रेट रचलेले, चार बायका बसून लहान-मोठी फळं वेगळी करत होत्या. सुनंदाचा मुलगा केदार बाग बघतो. छत्तीसचा आहे, शेतकी पदवीधर, दिसायला राजबिंडा आणि बिनलग्नाचा. ‘मुली बघून बघून दमले,’ सुनंदा म्हणाली. ‘बागेतलं घर म्हटलं की फोन ठेवतात. आता हा स्वतःच नको म्हणतो.’ केदारने खांदे उडवले. इथे बंदर येणार म्हणतात, इथून नवी रेल्वे जाणार म्हणतात, बाग राहते की नाही ते ठाऊक नाही, आणि उगाच एक पोर जन्माला घालून त्याच्या गळ्यात ही काळजी कशाला बांधायची, असं तो अगदी शांतपणे, चिकू कापता कापता म्हणाला. मुक्ताने मान डोलावली. दोघं एका पक्षाची निघाली.

रात्रीचं जेवण मात्र लाजवाब होतं. कंद, रताळी, वालपापडी आणि हिरवा मसाला मडक्यात भरायचा, वर रानपाला कोंबायचा आणि मडकं उपडं घालून भोवती आग करायची. याला उंबाडियू म्हणतात. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. धुराचा वास लागलेला कंद खाताना मला आमचा हुरडा आठवला. गप्पा शाळेच्या निघाल्या. मी सहज सुनंदाला म्हटलं, ‘हिच्या वेळी मी नोकरी सोडली. हिला बाळदमा, घरात बघायला कुणी नाही. नाहीतर माझ्या मागून लागलेल्या सगळ्या मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाल्या.’ मुक्ता उठली आणि हात धुवायला गेली. ताटात दोन घास तसेच होते. मला वाटलं, तिला तिखट लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी मुक्ता समुद्रावर गेल्यावर आम्ही दोघी लेकुरवाळीच्या मागे लागलो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. लेकुरवाळी म्हणजे नवरा असलेली आणि अंगाखांद्यावर पोरं असलेली बाई. एकाने भागत नाही, दोन तरी हवीत. तिच्या हाताला गुण असतो अशी समजूत. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत ओटी भरायची म्हटलं की अशा बायकांत भांडणं लागायची, आधी मान कुणाचा म्हणून. मी मिरजेहून खण, नारळ, हळकुंडं आणि किलोभर निवडलेले गहू आणले होते. गहू बघून सुनंदा हसली. इथे ओटी तांदळाची. मग आम्ही तिच्या आळीतली घरं बोटांवर मोजायला बसलो.

पहिल्या घरातल्या सुनेला एक मुलगा, तोही वापीला मामाकडे शिकायला. दुसऱ्या घरातली जोडी ऑस्ट्रेलियात. तिसऱ्यात नवं लग्न, पण मुलगी म्हणते आधी मुंबईत रूम होऊ दे. चौथ्यात एक मुलगी. पाचव्या घराला कुलूप. सहाव्यातल्या आजींना आठ मुलं, आठही हयात, पण आजोबा मागच्या वर्षी गेले, म्हणजे आजी बाद. आठ मुलं वाढवलेली बाई अपशकुनी आणि आम्ही शहाण्या. हा नियम कुणी केला ते विचारू नका, त्या दिवशी मीही तो मुकाट्याने पाळला. आळीच्या टोकाला एकीला जुळी होती. सुनंदा उठून उभीच राहिली, पण ती माहेरी सुरतेला गेली होती. तीस घरं संपली. बोर्डी शाळांचं गाव, सकाळी रस्ता गणवेशांनी भरून जातो, पण ती पोरं वसतिगृहातली, बाहेरगावची. आळीतल्या आळीत एक लेकुरवाळी मिळेना.

हळदीकुंकू तरीही झालं. सात-आठ बायका आल्या, वाणात प्लास्टिकचे डबे वाटले. मी हळूच विषय काढला. चौथ्या घरातली सून म्हणाली, ‘एकीच्याच मागे धावून जीव जातो, मावशी. दुसरं झालं तर त्याच्या मागे कोण धावणार? सासूबाई? त्यांचे गुडघे?’ सगळ्या हसल्या. मी म्हटलं, ‘आम्ही नाही का धावलो? हिच्यासाठी मी सरकारी नोकरीवर पाणी सोडलं.’ मुक्ता तेव्हा तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती. ती माझ्यासमोरून तशीच पुढे गेली, मला तिळगूळ न देता.

रात्री सुनंदाला जयवंती आठवली. जयवंती बरीच वर्षं या बागेत चिकू उतरवायला यायची, जाळी लावलेली लांब काठी घेऊन, मागे पोरांची रांग. ‘सहा आहेत तिला, आणि नवरा आहे. गुडघे धरले म्हणून दोन वर्षं येत नाही. सायवनला असते. उद्या जाऊ,’ सुनंदा म्हणाली आणि मग उगाच अंथरुणाच्या सुरकुत्या काढत बसली. मी विचारलं काय झालं. तर म्हणे, ‘काही नाही गं. तिला किती बोलायचे मी. किती पोरं काढतेस, लाज नाही वाटत? सहाव्यानंतर ऑपरेशनला मीच नेलं तिला, केदारचे बाबा गाडी चालवत होते.’

मुक्ताला सांगितलं, जुन्या कामवालीला वाण द्यायला जायचंय, तुला डोंगर बघायला मिळतील.

तलासरी

तलासरीला थांबलो ते जयवंतीच्या थोरल्या मुलीला, संगीताला, गाडीत घ्यायला. ती तिथल्या कंपनीत कामाला, त्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. हायवेच्या कडेला कंपन्यांच्या बसेस लागलेल्या आणि त्यांतून मुलींचे थवे उतरत होते, गळ्यात ओळखपत्रं. वीस-बावीसच्या पोरी, थकलेल्या, तरी लिपस्टिक लावलेल्या. मला त्या आवडल्या.

संगीता सव्वीसची. केदार गाडी चालवत होता, सुनंदा पुढे, मागे आम्ही तिघी. मुक्ताचं आणि तिचं दहा मिनिटांत जमलं. ती रमेश नावाच्या मुलाबरोबर खोली घेऊन राहते, चार वर्षं झाली. लग्न? ‘होईल कवातरी.’ मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, इथे ही जुनीच रीत आहे. आधी एकत्र राहायचं, पोरंबाळं होतात, मग ऐपत आली की लग्न. आईबापांच्या लग्नात पोरं मांडवात नाचतात. आमच्या गल्लीत असं झालं असतं तर त्या घराचं पाणी कुणी प्यायलं नसतं. आणि त्याच गल्लीत आता पोरींची लग्नं थाटामाटात होतात आणि मांडवात नाचायला एक पोर नसतं, हेही मला तिथेच सुचलं.

‘मग पोरं?’ मी विचारलंच.

‘नाय गं. पोट दिसला का ठेकेदार सांगतो, उद्यापासून येऊ नको. आयला सहा झाली, आम्ही सहाजण भाताच्या पेजेला भांडायचो. मना नाय पाहिजे.’

‘रमेशला?’

‘तो म्हणतो, तुला नाय तर मना पण नाय.’

मुक्ता म्हणाली, ‘निखिलही असंच म्हणतो.’ आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. एक ठाण्याच्या सोसायटीतली, एक पाड्यावरची. मला खिडकीतून बाहेर बघण्यावाचून काही उरलं नाही. बाहेर भात कापलेली कोरडी शेतं होती आणि बऱ्याच घरांना कुडाची दारं ओढून बाहेरून दोरी बांधलेली होती. माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बोटींवर कामाला जातात ती पावसाच्या तोंडाशी येतात, असं केदार म्हणाला.

सायवन

जयवंतीचं घर रस्त्यापासून थोडं वर आहे. शेणाने सारवलेलं अंगण, पेंढ्याची उडवी, मागे डोंगर. जयवंती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल, दिसते मोठी. नवरा खाटेवर बसून दोरी वळत होता. तिने तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि कोरा चहा दिला. मी गुपचूप डबा उघडून खण, नारळ आणि सुनंदाकडचे तांदूळ सुपात मांडले. सुनंदाने तिला बाजूला घेऊन समजावलं. समजावणं जरा मोठ्याने झालं असावं.

जयवंती अंगणात आली आणि सरळ मुक्ताला म्हणाली, ‘ही तुझी आय मना सांगते, हिची ओटी भर, हिला पोर होऊ दे. तुला पाहिजे काय पोर?’

मी डोळे मिटून घेतले. मुक्ता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सुपातल्या खण-नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ‘म्हणून आलो होय आपण?’ आणि मग जयवंतीला, ‘भरा तुम्ही, मावशी. तिला बरं वाटेल. पण मला मूल नकोय.’

‘मंग नारळ कशाला फुकट घालवायचा? चटणी करू,’ जयवंती म्हणाली. तिचा नवरा हसला. सुनंदा म्हणाली, ‘अगं, तुझ्या हाताला गुण आहे. सहा पोरांची आई तू.’

‘पाच. एक गेला. तापानं. तुझ्या बागेत चिकूचा काम चालू होता तवाच.’

सुनंदाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाई तिच्या अंगणात राबली आणि तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा पडला.

‘आन गुण कसला, सुनंदाबाय? तूच मना आपरेशनला नेलास. बोललीस, किती पोरां करशील. आता तुम्हाला नायत तर माझ्याकडं आलीस.’ ती रागाने बोलत नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. ‘पाच हाईत, पण हितं कोण हाय? दोन बोटीवर, एक भट्टीवर, एक सासरी, ही तलासरीला. आम्ही दोघां मूठभर भात शिजवतो, तो पन उरतो.’

मग तिने सूप माझ्याकडे सरकवलं आणि माझ्यासमोर बसली. ‘तू सांग. तुला ही पोर झाली तवा तू खुशी झालीस काय?’

‘म्हणजे काय!’ मी म्हटलं. ‘हिच्या वेळी मी नोकरी सोडली, हिला बाळदमा होता, रात्र रात्र...’

‘ता नाय इचारला मी,’ जयवंती म्हणाली.

मी उत्तर शोधायला लागले. मी बोलण्यात हार जाणारी बाई नाही. गल्लीतली भांडणं मी मिटवते, वॉर्डाच्या सभेत तावातावाने उभी राहते. पण तोंडाशी येत होतं ते सगळं दवाखाने, जागरणं, राजीनाम्याचा कागद, मैत्रिणींच्या बढत्या. चौतीस वर्षं मी हेच सांगत आले होते, इतक्या वेळा, की त्याच्यामागे दुसरं काही ठेवलं असेल तर ते मला हाताला लागेना. मुक्ता गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. चिडून नाही. ती खरोखर वाट बघत होती.

शेवटी तीच म्हणाली, ‘राहू दे, मावशी. तिला आठवत नाहीये.’

ओटी भरली नाही. नारळ संगीताने फोडला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. निघायच्या दिवशी डहाणू रोडला आगगाडी यायला वेळ होता म्हणून मुक्ताने दोन चहा आणले. माझ्या चहात साखर नको हे तिने न विसरता सांगितलं होतं. मला तेव्हा तिचे पाय धरावेसे वाटले, पण आईने मुलीचे पाय धरायची रीत आपल्याकडे नाही, आणि मला रीतीबाहेर जायची सवय नाही.

मिरज

परत येऊन तीन आठवडे झाले तरी मी आठवत होते. भांडी घासताना, भाजी निवडताना. आणि एका सकाळी, काही कारण नसताना, आठवलं. मुक्ता अकरा दिवसांची होती. मांडीवर झोपली होती आणि तिला शिंक आली. आयुष्यातली पहिली असेल. स्वतःच्याच शिंकेने ती इतकी दचकली की दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघायला लागली, हे कुणी केलं म्हणून. मी इतकी हसले, इतकी हसले की टाके दुखायला लागले आणि बाळंतपणापुरत्या आलेल्या सासूबाई धावत आल्या. त्यानंतर दिवसभर मी तिच्या पुढच्या शिंकेची वाट बघत बसले होते. नोकरी त्या दिवशी मला आठवलीसुद्धा नव्हती.

मी तसाच फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून मुक्ता हसल्याचा आवाज आला.

‘हे तू कधी सांगितलं नाहीस,’ ती म्हणाली.

‘आठवलंच नव्हतं गं. जयवंतीला हे सांगायला हवं होतं मी. मुक्ता, अजूनही वेळ गेलेली नाही...’

‘आई, निखिलने दिवाळीतच ऑपरेशन करून घेतलं. नसबंदीचं.’

मी खुर्चीत बसले. म्हणजे संक्रांतीच्या आधीच सगळं संपलं होतं. माझे गहू, सुनंदाचे तांदूळ, ती तीस घरं, सायवनपर्यंतची धावपळ, सगळं. मला संतापही आला. मी म्हटलं, ‘मग आलीस कशाला माझ्याबरोबर? एवढी रजा टाकून?’

‘तू पहिल्यांदाच म्हणालीस ना, दोघीच जाऊ म्हणून,’ मुक्ता म्हणाली. ‘मला वाटलं, तुला माझ्याबरोबर राहायचंय.’